घरात कापूस असताना

यंदा संत्री लवकर आली. राळेगावच्या स्टँडसमोर हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागले होते. मी वाचनालय उघडायला निघालो होतो, आणि त्या वासानं मला रस्त्यातच उभं केलं. संत्र्याचा वास सुटला की आमच्या घरी नागपूरची गोष्ट निघायची. मुद्दाम कोणी काढत नसे. माझी बायको सुमन अंगणात बसून संत्रं सोलता सोलता म्हणायची, "मंग, यंदा कधी जाचं?" कुठं, हे विचारायची गरज कोणाला पडायची नाही.

हातगाडीवाल्यानं हाक मारली, "मास्तर, देऊ का?" मी कधीच मास्तर नव्हतो. आयुष्य गावाच्या वाचनालयात गेलं. निवृत्त झालो तरी किल्ली अजून माझ्याकडेच आहे, कारण ती मागायला कोणी आलं नाही. पण चष्मा लावणाऱ्या आणि हातात पुस्तक धरणाऱ्या माणसासाठी गावाकडं एकच हाक असते. मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे माझं मलाच कळलं नाही. त्यानं पिशवी भरून दिली. ती पिशवी दिवसभर वाचनालयाच्या टेबलावर होती. मी वाचायला बसायचो, उठायचो, खिडकी उघडायचो, परत लावायचो. वास खोलीत कोंडला तरी नकोसा होत होता, आणि बाहेर गेला तरी.

सुमन भाद्रपदात गेली. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच त्याबद्दल मला लिहिता येतं. तिनं लावलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तेव्हा शेतात फुलावर होती. शेत तिचं होतं. काय पेरायचं, निंदण कधी करायचं, वेचायला कोणाला बोलवायचं, सगळं तीच ठरवायची, आणि मी सुटीच्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायचो. "बसा, बसा," ती म्हणायची. "तुम्ही असले की बुजगावणं लावाचं काम नाही."

तेरवी झाल्यावर मी उभं पीक शंकरच्या हवाली केलं. शंकर म्हणजे आमच्या शेताला लागून ज्याचं शेत आहे तो. त्याला म्हटलं, पाहा, वेचा, न्या. फक्त माझ्या घरी आणू नका. तो बरं म्हणाला. पण वेचणी सुरू झाली आणि त्याची अडचण झाली. त्याचं घर लहान, दोन खोल्यांचं, चूल दारातच. आमच्या शेतातला कापूस त्याच्या ओसरीत ताडपत्रीखाली पडलेला. एके दिवशी तो वाचनालयाच्या दारात आला, चपला बाहेर काढून उभा राहिला.

"मास्तर, तुमची समोरची खोली रिकामीच हाये. तथी टाकू का कापूस?"

"पाहतो," मी म्हणालो.

त्यानंतर तो भेटला की मी हेच म्हणतो. आणि हेच मी रेणूलाही म्हणत आलो. रेणू आमची एकुलती मुलगी. नागपुरात असते, तिथंच नोकरी, तिथंच संसार. तिचा फोन येतो तेव्हा आधी जेवणाची चौकशी होते, मग थोडं थांबणं होतं, आणि मग ती म्हणते, "बाबा, आता कायले राह्यता तथी एकटे? घराले कुलूप लावा न या इकडं." तिनं माझ्यासाठी एक खोली रिकामी केली आहे. भिंतीला फळ्या ठोकून घेतल्या आहेत, पुस्तकांसाठी. मी पाहतो म्हणालो. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "इथल्या मेळ्याले तर याल नं दरवर्षीसारखे? तेव्हा सांगा. पण तेव्हा पाहतो म्हणू नका."

*

घर मोठं वाटत असेल आता, असं भेटायला येणारे म्हणतात. मोठं नाही वाटत. त्यात आवाज होतो. समोरच्या खोलीत भांडं ठेवलं तरी आवाज होतो, खोकलो तरी होतो. मी तिथं पुस्तकाचं कपाट आणून ठेवलं, मग ते परत आत नेलं. खुर्ची खिडकीशी ठेवली, मग दाराशी. तिथं बसून दोन पानंही सलग वाचून झाली नाहीत. ओळ संपते आणि मी उठलेला असतो.

आमच्या भागात हिवाळा बाहेर कमी आणि घरात जास्त कळतो. दिवाळीच्या आसपास पहिली वेचणी व्हायची. सुमन त्या दिवशी पऱ्हाटीच्या एका झाडाखाली खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, आणि संध्याकाळी बैलगाडीतून गाठोडी घरी यायची. समोरच्या खोलीतल्या खुर्च्या, माझं टेबल, भिंतीवरच्या तसबिरीसुद्धा आत जायच्या. कापूस आधी भिंतीशी लागायचा, मग खिडकीपर्यंत यायचा, मग खिडकी बुजवायचा. घरातला उजेड बदलायचा. बोलणंही बदलायचं. शब्द त्या ढिगात जाऊन मुरायचे, म्हणून आपण सगळे हळू बोलतो आहोत असं वाटायचं. रेणू लहानपणी ढिगावर चढून उडी मारायची आणि गळ्यापर्यंत आत जायची. मग अंगभर खाज. "मार अजून उड्या, मार," सुमन म्हणायची आणि तिचे हातपाय खोबरेल तेलानं चोळून द्यायची. तिचे स्वतःचे हात बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले असायचे. त्यांना ती कधी तेल लावताना दिसली नाही.

त्या दिवसांत घराला नियम असायचे. समोरच्या खोलीत दिवा न्यायचा नाही. विडी ओढणारा पाहुणा आला तर त्याचा चहा अंगणात. उदबत्तीसुद्धा मागच्या दारी, तुळशीपाशी. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की घरात कापूस असताना घर रात्री एकटं ठेवायचं नाही. कोणीतरी त्याच्याजवळ निजायचंच. एक ठिणगी पुरते, हे त्याचं कारण. पण सुमनला कारण लागत नसे. घरात तान्हं मूल असावं तशी ती वागायची. कापूस जिनिंगला जाईपर्यंत तिचं अंथरूण त्या खोलीच्या दारात असायचं, आणि मी आतल्या खोलीत दिव्याखाली वाचत बसलो की तिथून आवाज यायचा, "रेणूचे बाबा, विझवा आता. पुस्तक कुठी पळून नाही जात."

आणि नेमके हेच दिवस नागपूरला जायचे. संत्री, थंडी, मोठ्या मैदानावरचा मेळा, सगळं तेव्हाच. म्हणून आमचं नागपूर पहिल्या गाडीनं सुरू व्हायचं आणि शेवटच्या गाडीला संपायचं. दिवसभर शंकरची आई आमच्या अंगणात राखण बसायची. पण रात्र दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाही, असं सुमनचं होतं. इतक्या वर्षांत आम्ही त्या शहरात कधी रात्र काढली नाही. माझ्या डोक्यातलं नागपूर दिवसाचं आहे. त्यात दिवे नाहीत.

*

पहिल्या गाडीत थंडी बसलेली असायची. खिडकीच्या काचा घट्ट लागत नसत. रेणू दोघांच्या मध्ये, तिच्या डोक्यावरून माझी शाल, आणि सुमनच्या मांडीवर कापडात बांधलेल्या भाकरी. वडकीला मोठा रस्ता लागायचा. वर्धा नदीचा पूल आला की सुमन हात जोडायची आणि नेमकं तेव्हाच विचारायची, "मांगच्या दाराची कडी लावली होती नं?" लावली होती, असं मी म्हणायचो. मग हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. रस्त्यावर फलक वाढायचे, झाडं कमी व्हायची. आमच्या गाडीतल्या पिशव्या आणि शाली अचानक खेड्यातल्या दिसायला लागायच्या.

स्टँडजवळ तर्री पोहे. तो लाल रस्सा पाहून सुमनचे डोळे चमकायचे आणि पहिल्या घासाला तिला खोकला यायचा, दरवर्षी. मग महाराजबागेत वाघ. वाघ नेहमी झोपलेला. रेणू जाळीला नाक लावून तो उठायची वाट पाहायची आणि सुमन पलीकडं हरणांपुढं टाकलेल्या चाऱ्याकडं पाहत राहायची. "चारा चांगला हाये हो या हरणायचा. आपल्या बैलाले नाही भेटत असा."

दुपारी सीताबर्डीवर माडीवरच्या एका हॉटेलात मसाला डोसा. वर्षातून एकदा हॉटेलात जेवायचं ते इथं, असं ठरलेलं. एका वर्षी डोसा समोर आल्यावर सुमननं कापड सोडून भाकरी आणि ठेचा बाहेर काढला. वेटर धावत आला.

"बाई, बाहेरचं खाणं चालत नाही इथं."

"बाहेरचं नोहे भाऊ," ती म्हणाली, "घरचं हाये." आणि अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं केली. "घ्या, सकाळपासून उभेच असान."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि घेतली. मी मान खाली घालून डोसा खात होतो. मला तेव्हा लाज वाटली होती, की हसू येत होतं, हे आता नीट सांगता येत नाही. आठवणीत मात्र आम्ही चौघंही हसतो आहोत.

आणि मग मेळा. मोठं मैदान, कापडी कमानी, आणि सगळं झोपेत. मेळा संध्याकाळचा, आम्ही दुपारी पोचायचो. भज्यांच्या कढईतलं तेल थंड असायचं. कोणी बांगड्यांच्या दुकानावर फडकं मारतंय, कोणी माइकवर नुसतंच हॅलो हॅलो म्हणतंय. पाळण्याच्या खांबांवर कामगारांचे बनियन वाळत असायचे. तो आकाशपाळणा मैदानाच्या मधोमध उभा, इतका मोठा की रेणूची मान मागं जाऊन तोंड उघडं पडायचं. पण तो उभा. कोणीतरी त्याला तेल देत असायचं.

"थोडं थांबू या का?" मी म्हणायचो. "दिवे लागले की निघू."

"घरात कापूस हाये," सुमन म्हणायची.

ते वाक्य आलं की बोलणं संपायचं. रागानं नव्हे. पाऊस पडतोय असं कोणी म्हणावं तसं ती म्हणायची. आम्ही स्टँडवर यायचो. गाडी शहराबाहेर पडता पडता मागं दिवे लागायला सुरुवात व्हायची, आणि रेणू सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून पाहत राहायची. मी तिला बस खाली म्हणायचो, पण माझीही मान वळलेली असायची. पुस्तकात मी कितीतरी शहरांच्या संध्याकाळी वाचल्या होत्या. दोन-अडीच तासांच्या वाटेवरची ही एक तेवढी राहून जात होती. मनात ठरवायचो, कधीतरी थांबू. एखादं वर्ष असं येईल, की घाई नसेल.

*

एका वर्षी पाळणा हलला. रेणू तेव्हा चौथी-पाचवीत असेल. पाळणेवाला मशीन चालवून पाहत होता. रेणूचं तोंड पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "बैठो, एक राऊंड।" मी चढलो, रेणू चढली, आणि सुमन साडी आवरत, देवाचं नाव घेत चढली. पाळणा वर गेला. खालच्या कमानी लहान झाल्या. बनियन वाळत घातलेले कामगार लहान झाले. अगदी टोकाला जाऊन तो थांबला आणि आमची खुर्ची हलकेच झुलायला लागली. मला वाटलं, आता शहर दिसेल.

सुमन शहराकडं पाहतच नव्हती. ती गच्च दांडा धरून आकाशाकडं पाहत होती.

"आपलं गाव कोन्या बाजूनं हाये?"

मी दाखवलं.

"अन् तो ढग?"

दुसऱ्या अंगाला, क्षितिजापाशी, एक काळसर ढग होता. खालून निमुळता, वर पसरलेला. हिवाळ्यात असा ढग म्हणजे गारपीट. घरातला कापूस घरात होता, पण शेतात दुसऱ्या वेचणीची बोंडं उघडी, पांढरी, उभी होती. एक पाऊस आला की ती काळी पडणार.

"उतरवा," ती म्हणाली. "ओ दादा, उतरवा आमाले!"

"आई, अजून एकही गोल नाही झाला नं!"

"गोल कायचा घेऊन बसली? तथी पांढरं सोनं भिजून राह्यलं!"

आम्ही उतरलो. रेणू रडत, मी पिशव्या घेऊन, सुमन सगळ्यांच्या पुढं. शेवटच्या गाडीच्याही आधीची गाडी धरली. वाटभर ती खिडकीतून वर पाहत होती, पण मागं पाहिलं तर ढग तिथल्या तिथंच. "चाल करून नाही राह्यला," ती म्हणाली. "दबा धरून बसला." घरी पोचल्यावर मला चहा घेऊ न देता तिनं शेतात नेलं. आकाशभर चांदण्या. पऱ्हाटी कोरडी, पांढरी, गप्प उभी. सुमन एका ओळीतून आत गेली, दोन-चार बोंडं चाचपली आणि म्हणाली, "चला. पाह्यलं तरी."

पुढं रेणू कॉलेजसाठी नागपूरला वसतिगृहात राहिली. पहिल्याच सुट्टीत आली तीच हसत. "आई, तो तुझा ढग तथी रोज असते. विजेच्या कारखान्याचा धूर हाये तो." सुमन तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला, आणि किती तरी वेळ हसत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "बापा बापा," ती म्हणत होती, "मी धुराले भेऊन पळाली! अन् हे एवढे पुस्तकं वाचून माह्या मांगं पळाले!"

त्यानंतर उगाच घाई करणाऱ्याला आमच्या घरी "नागपूरचा ढग दिसला का?" असं म्हणायची रीत पडली. पण पाळण्यात आम्ही परत कधी बसलो नाही. दरवर्षी त्याच्याखाली उभे राहायचो, वर पाहायचो, आणि स्टँडवर यायचो.

*

दुखवट्याचं वर्ष कसं पाळायचं, हे सांगणारी माणसं भोवती पुष्कळ असतात. दिवाळीला घरात तळण केलं नाही, आकाशकंदील लावला नाही. करंज्या माझ्या वहिनीनं तिच्या घरून आणल्या आणि जबरदस्तीनं तोंडाला लावल्या. संक्रांतीचंही ठरलेलं आहे. प्रत्येक सणाला काय करायचं नाही हे माहीत असलं की माणसाला एक आधार असतो. पण नागपूरचं कोणाला सांगता येईना. मी वहिनीला विचारलं, तर ती विचारात पडली. "ते काही सण नोहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तुमच्या घरी तर सणच होता तो."

तर मी गेलो. घराची किल्ली शंकरकडं दिली, तुळशीला पाणी घालायला. त्यानं किल्ली घेतली, समोरच्या खोलीच्या दाराकडं एकदा पाहिलं. पहिल्या गाडीत खिडकीशी बसलो. पुलावर हात आपोआप जोडले गेले, आणि मागच्या दाराची कडी आठवेना. लावली होती? लावलीच असणार. हिंगणघाटपर्यंत मी ती कडी मनात लावत होतो आणि काढत होतो.

स्टँडवर रेणू घ्यायला आली होती, बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी, मनू. शहर आता दोन मजली झालं आहे. डोक्यावरून मेट्रो जाते. माडीवरच्या हॉटेलात आता मोबाइलचं दुकान आहे. रेणूनं दुसरीकडं नेलं, काचेची मोठी जागा, तिथंही डोसा होता. तो आला, आणि मी उगाच आजूबाजूला पाहिलं. वेटर उभा होता. त्याच्यापुढं करायला माझ्याकडं काही नव्हतं.

"बाबा, खा ना. काय शोधून राह्यले?"

"काही नाही."

दुपारी तिनं तिच्या घरातली खोली दाखवली. फळ्या सरळ, पॉलिश केलेल्या. एका फळीवर तिनं माझ्या आवडीची चार पुस्तकं आणून ठेवली होती, नवीन, एकमेकांना टेकून. बाकी फळ्या रिकाम्या. मी एक पुस्तक काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसत होती. खोली चांगली होती. इतकी चांगली, की तिच्यात काय कमी आहे ते सांगता येईना. मी पलंगावर बसलो आणि उठलो. मनूनं विचारलं, "आबा, तुम्ही सारखं सारखं उभे का राहता?"

संध्याकाळी मेळ्यात गेलो. दिवे लागण्याआधी पोचलो, हे मी मुद्दाम केलं की पायांनी, माहीत नाही. तेच मैदान, तसल्याच कमानी. कोणीतरी माइकवर हॅलो हॅलो म्हणत होतं. आणि ज्या वेळेला दरवर्षी आम्ही पिशव्या उचलायचो, ती वेळ आली. मी घड्याळ पाहिलं. थोडं चालून परत पाहिलं. रेणूच्या ते लक्षात आलं.

"घड्याळ कायले पाहता बाबा? आता काय घाई हाये? तथी काय हाये आपल्याले धावत जाचं?"

तिला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते लागलं. तिनं मनूची टोपी उगाच नीट केली. पण खरं तेच होतं. इतकी वर्षं मी ज्या संध्याकाळची वाट पाहिली होती, ती ही. थांबायला कोणाची हरकत नव्हती. घाई नसलेलं ते वर्ष आलं होतं, आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग दिवे लागले. एकदम नाही, एका कमानीवर, मग पुढच्या, मग पाळण्याच्या आऱ्यांवरून पळत गेले. मनू टाळ्या पिटायला लागली. कढईतून तेलाचा आवाज यायला लागला. माणसं कुठून कुठून आली आणि मैदान भरलं. मी रेणूकडं पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं, मान मागं गेली होती.

"बसू या?" मी म्हणालो.

आम्ही तिघं बसलो. मनू मध्ये. पाळणा थांबत थांबत वर जात होता, खालच्या खुर्च्या भरत होता. टोकाला पोचला आणि उभा राहिला. खुर्ची झुलायला लागली. शहर पसरलेलं होतं, दिवेच दिवे, मी मनात रंगवलं होतं त्याहून मोठं, आणि त्यातला एकही दिवा माझ्या ओळखीचा नव्हता.

"बाबा, तो पाहा," रेणू म्हणाली. "आईचा ढग."

क्षितिजापाशी, खालून निमुळता, वर पसरलेला. मावळतीचा उरलेला तांबडा रंग त्याच्या एका कडेला लागला होता. धूर आहे हे मला ठाऊक होतं. तरी माझा हात दांड्यावर आवळला गेला. मी मान वळवली आणि आमच्या गावच्या बाजूला पाहिलं. तिकडं दिवे संपत होते, पुढं नुसता काळोख. त्या काळोखात शंकरची ओसरी होती. ताडपत्रीखाली सुमननं पेरलेला कापूस होता, चुलीपासून हाताच्या अंतरावर. आणि आमच्या घरी एक सबंध खोली नुसती उभी होती.

मी खिशातून फोन काढला.

"शंकर?"

"बोला मास्तर. कल्ला कायचा होऊन राह्यला एवढा? कुठी हायेत तुम्ही?"

"पाळण्यात."

"कायच्या पाळण्यात?"

"ते राहू द्या. किल्ली आहे नं तुमच्याकडं? समोरच्या खोलीत टाका कापूस. आत्ताच टाका. खुर्ची तेवढी आत ठेवा."

शंकर म्हणाला, "टाकतो नं. पण मंग निजन कोण तथी? घर तं रिकामं हाये."

"आजच्या दिवस तुम्ही निजा. उद्या पहिल्या गाडीनं मी येतो."

"या बरं मास्तर, नक्की या. उद्या माह्याकडं पाव्हणे हायेत, मले नाही जमनार."

"येतो. अन् मागच्या दाराची कडी पाहा लावली का."

फोन ठेवला. मनू खाली वाकून माणसं मोजत होती. रेणूनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं पाहत होती, लहानपणी मागच्या काचेतून पाहायची तशी.

"उद्याच जाता? अन् मी विचारलं त्याचं?"

पाळणा हलला. आमची खुर्ची टोकावरून पुढं झुकली आणि दिवे खालून वर यायला लागले.

"मनूले सुट्टी लागली की घेऊन ये," मी म्हणालो. "उड्या मारू दे तिले."

"बाबा, मी तुमचं विचारून राह्यली."

"घरात कापूस हाये," मी म्हणालो.

या वाक्यापुढं आमच्या घरी कधी कोणी बोललेलं नाही. पाळणा खाली आला, आणि न थांबता परत वर निघाला.